बॅग भरली, उपसली, परत भरली

कैलास-मानसरोवरला निघायला आठ दिवस उरलेत आणि आज खोलीत पाय ठेवायला जागा नाही. परिक्रमेत डोल्मा-ला खिंड लागते, 5,600 मीटरच्याही वर. आणि मी दोन जिने चढले की धापा टाकणारी!

एकच जाडजूड जाकीट घ्यावं असं वाटत होतं. पण नाही, पातळ थरच बरे. चढताना घाम येतो आणि जरा थांबलं की तोच घाम गारठवतो. म्हणून आतून सुती काही नको, चटकन वाळणारं हवं. बूट मात्र महिनाभर घरातसुद्धा घालून वावरतेय. टाचेवरच्या फोडाचा आता घट्टा झालाय. थंडीत बॅटरी भराभर उतरते, तेव्हा पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये माझ्याच कुशीत. विरळ हवेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घेतल्यात.

संध्याकाळी वजन केलं तर चक्क तीन किलो जास्त. सगळं उपसलं. तळाशी मोज्यांत गुंडाळलेली रिकामी बाटली निघाली. मी ठेवलेली नव्हती.

"मानसरोवराचं पाणी आणशील ना गं?" आई दारातून म्हणाली.

सेल्फी स्टिक काढली, दुसरा टॉवेल काढला. बाटली परत मोज्यांत.