थंडीत उजनीवर गळाला काय लावावं

डिसेंबर लागला की उजनी धरणाच्या काठावर एकच तक्रार असते: चारा टाकला, पीठ लावलं, पण तरंगा हलत नाही. मासे कुठे गेलेले नसतात. पाणी गार झालं की त्यांचं पचन मंदावतं. चिलापी, म्हणजे तिलापिया, तर मूळची आफ्रिकेतली. पाणी २० अंशांच्या आसपास उतरलं की ती खाणं आखडतं घेते. तेव्हा पावसाळ्यातला लिंबाएवढा गोळा गळावर चढवणं म्हणजे पीठ नासणं.

अमेरिकेतल्या मिनेसोटात, फिनलंडमध्ये लोक गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ सोडतात. बर्फाखाली तळाचं पाणी ४ अंशांचं. तिथे चालतो तो तांदळाच्या दाण्याएवढा टंगस्टनचा जिग, म्हणजे वजन जोडलेला गळ, आणि त्याला टोचलेली मेणकिड्याची एक अळी. टंगस्टन शिशापेक्षा जड, म्हणून एवढासा तुकडाही पटकन खाली जातो. आपल्याकडे तेवढा गारठा नाही, पण लहान आमिष आणि कमी हालचाल हा नियम सोलापुरातही लागू पडतो.

गळ चिलापीला १० किंवा १२ नंबरचा, रोहूला ८ चा. नंबर वाढला की गळ लहान होतो. दुकानात यावरून हमखास घोळ होतो. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, चिलापीला ०.२० मिलिमीटर, रोहूला ०.३०. गोळा हरभऱ्याएवढा, आणि गळाचं टोक किंचित उघडं.

आता पीठ. थंडीत शेंगदाण्याची पेंड कमी करा, कारण गार पाण्यात तेलाचा वास नीट पसरत नाही. माप असं: ज्वारीचं पीठ २ वाट्या, बारीक चाळलेली पेंड १ वाटी, मैदा अर्धी वाटी, बडीशेपेची पूड १ चमचा, भाजलेल्या मेथीची पूड अर्धा चमचा. मेथी करपवू नका. पेंडीला बुरशी असेल तर ती फेकूनच द्या.

ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे गार पाण्यात भिजवलेलं पीठ गळावर टिकत नाही. भाकरीसाठी काढतो तशी उकड काढायची: पिठावर दीड वाटी उकळतं पाणी ओतून ५ मिनिटं झाका. कोमट झाल्यावर पेंड, मैदा आणि मसाला घालून १० मिनिटं मळा, लागेल तसं चमचाभर पाणी घाला आणि ओल्या फडक्यात अर्धा तास ठेवा. मंगळवेढ्याची ज्वारी असेल तर उत्तमच, पण माशाला त्यातलं काही कळत नाही.

काठावर पहिलं काम म्हणजे गोळा पेलाभर पाण्यात टाकून बघणं. ८-१० मिनिटांनी कडा सुटायला लागल्या की पीठ जमलं. लगेच फुटला तर मैदा वाढवा. अर्ध्या तासानेही दगडासारखा राहिला तर मैदा जास्त झालाय. कोरडी पेंड मिसळा.

चारा टाकताना हात आवरा. सुरुवातीला मुठीएवढे ३ गोळे, मग २० मिनिटांनी सुपारीएवढा एक. जास्त टाकलात तर मासे त्यावरच पोट भरतात आणि गळाकडे फिरकत नाहीत.

तरंग्याला ज्वारीच्या वाळक्या धाटाचं बोटभर भेंड पुरतं. ते पाणी पितं म्हणून मेणात बुडवून घ्या. शिसं इतकं लावा की जेमतेम १ सेंटिमीटर वर दिसेल. थंडीत चिलापी तरंगा बुडवत नाही. तो नुसता थरथरतो किंवा किंचित वर उचलला जातो. तेवढ्यात मनगटाने हलका झटका द्यायचा. बुडायची वाट बघत बसलात तर गळ चाटून साफ झालेला मिळेल.

वेळ ११ ते ४, जागा उन्हाची आणि उथळ. पाण्याखाली वेड्या बाभळी असल्या तर तंगूस अडकते. तुटलेली तंगूस गोळा करून न्या, थंडीत तिथे रोहित पक्षी येतात आणि त्यांच्या पायांत ती गुंतते. परवाना किंवा ठेका कुणाचा, हे आधी विचारून घ्या.

पीठ चाललंच नाही तर गांडूळ. अख्खं नको, २ सेंटिमीटरचा तुकडा, आणि शेपटीकडचं टोक लोंबतं ठेवा. गांडुळं ओल्या मातीच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून, सावलीत ठेवायची. जानेवारीतलं दुपारचं सोलापुरी ऊनही त्यांना तासाभरात संपवतं.