भट्टीतला निळा, डोंगरातला निळा

मी मुंबईत रत्नं तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते, आता अकरा वर्षं होतील. लोक माणिक, पाचू, नीलम घेऊन येतात, आम्ही खरा की खोटा, नैसर्गिक की बनवलेला, रंग दिलाय का, तापवलाय का एवढं बघतो आणि रिपोर्ट देतो. दगडावर केलेलं काम किती जुनं ते आम्ही सांगत नाही आणि सहसा कोणी विचारतही नाही. त्या दिवशी विचारलं.

सत्तरीचे एक काका होते, डोंबिवलीहून लोकलने आलेले. खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि एक माळ ट्रेवर ठेवली. मधे बोटाच्या पेराएवढा निळा दंडगोल, त्यावर माणसं आणि बोकड कोरलेले, बाजूला खिळ्यांसारखी अक्षरं, आणि दोन्हीकडे मिळून अकरा मणी, काही निळे काही लाल. काका बहारीनला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात बावीस वर्षं नोकरीला होते. १९९४ साली मनामाच्या बाजारात एका माणसाने ही माळ त्यांना विकली होती. इराकमधून आलीय, ऊर या प्राचीन शहराच्या राणीच्या थडग्यातली आहे, असं सांगून. काकांनी चार महिन्यांचा पगार त्यात घातला. आता नातीला शिकायला बाहेर पाठवायचंय, आणि कोणीतरी त्यांना सांगितलं की लॅबने हा निळा दगड, म्हणजे लॅपिस, खरा आहे असं लिहून दिलं की लिलावात कोटींत जाईल.

ऊर म्हटल्यावर माझे हात थांबले. माझं एमए पुरातत्त्वाचं आहे, डेक्कन कॉलेजचं, रत्नांचा कोर्स मी नंतर केला. पुण्यात असताना दोन वर्षं मी ऊरच्या थडग्यांचे फोटो बघत बसायचे, तेव्हा मैत्रिणी म्हणायच्या तुला तिथलंच स्थळ बघूया. आणि आज तिथलीच म्हणून एक वस्तू माझ्या ट्रेवर होती.

पहिली तपासणी नेहमीची. लॅपिस म्हणजे आपल्याकडचा लाजवर्द, राजावर्त. अपवर्तनांक दीड, वजन-आकाराचं प्रमाण बरोबर, मायक्रोस्कोपखाली सोनेरी पायराइटचे ठिपके आणि पांढऱ्या कॅल्साइटच्या रेषा. मग अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस दंडगोलाच्या कडेला हलकेच फिरवला तर कापूस निळा झाला. म्हणजे दगड नैसर्गिक, पण रंग गडद दिसावा म्हणून वरून डाय दिलेला. लॅपिसला डाय देणं आजच्या बाजारात इतकं कॉमन आहे की त्यावरून मी काहीच निष्कर्ष काढला नाही, जुन्या वस्तूलाही कोणी मधल्या व्यापाऱ्याने दिला असू शकतो.

काकांना मी सांगितलं की दगड खरा आहे, लॅपिसच आहे. त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. तिथेच मला कळलं की आता पुढचं अवघड आहे, कारण त्यांना वाटत होतं काम झालं, आणि मी तर अजून भोकाकडे बघितलंच नव्हतं.

इथे जरा थांबून सांगते, नाहीतर भोकाचं एवढं काय ते कळणार नाही. ऊर इराकच्या दक्षिणेला, तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा बराच जवळ होता. त्या मुलखात गाळाची माती, पाणी, वेत आणि खजूर. चांगला दगड नाही, धातू नाही, बांधकामाचं मोठं लाकूड नाही. जे होतं ते जव, लोकर, विणलेलं कापड, तिळाचं तेल. आणि तरी साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या थडग्यांमधून सोनं, चांदी, लॅपिस, लाल अकीक असं निघालं की बघत राहावं. लेनर्ड वुली या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने १९२२ ते १९३४ अशी बारा वर्षं तिथे खणलं. एका खड्ड्यात ७४ माणसं होती, त्यातल्या ६८ बायका, बहुतेकींच्या डोक्यावर सोन्याची पानं आणि लॅपिस-अकीकचे मणी. पुआबी नावाच्या राणीजवळ तिच्या नावाची लॅपिसची मुद्रा सापडली. हे दंडगोल म्हणजे मुद्राच, ओल्या मातीवर लाटण्यासारख्या फिरवायच्या, रांजणाच्या तोंडावर, कोठाराच्या दाराला, हिशोबाच्या मातीच्या पाटीवर, म्हणजे कोणाचा माल, कोणाची जबाबदारी ते ठरायचं.

आणि तो निळा दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांतून, कोकचा नदीच्या खोऱ्यातून. नकाशावर सरळ रेष मारली तरी सव्वादोन हजार किलोमीटरच्या वर जातं, आणि डोंगरातला रस्ता काही सरळ नसतो. इराणच्या सीस्तानमध्ये शहर-ए-सोख्ता म्हणून जागा आहे, तिथे वाटेत दगडाचा पांढरा निरुपयोगी भाग तोडून काढायचे, त्या कपच्या खणताना ढिगाने सापडल्यात. कोणी एक माणूस बदख्शानहून ऊरला गेला असं नाही, माल हातोहात सरकत गेला, प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी तोलला, कोणीतरी घासला, कोणीतरी त्यावर आपला वाटा घेतला. हे वाचताना मला कॉलेजातही भरून यायचं आणि आताही येतं.

तर भोक. मुद्रा आणि मणी दोऱ्यात घालायचे म्हणून आरपार भोक लागतं, आणि जुन्या काळात ते दोन्ही बाजूंनी पाडायचे, मधे गाठ पडायची. ती गाठ कधीच तंतोतंत जुळत नाही, आत एक बारीकशी पायरी राहते, भोक तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं. आणि शेकडो वेळा दोरा घासून तोंडाच्या कडा गुळगुळीत होतात. काकांच्या मुद्रेचं भोक मी उजेड सोडून बघितलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं, नळीसारखं सरळ, आतून काचेसारखं गुळगुळीत. कोरलेल्या रेघांमधेही चाकाच्या छोट्या बिटाने उमटतात तसे एकसारखे उतार, आणि त्या काळी लॅपिसवर हे काम हाताने, टोचणीने आणि हातड्रिलने चालायचं, चाकाने कोरणं बरंच पुढचं. तरी मला अजून एक खात्री करायची होती. मी काकांना विचारून मुद्रा मऊ प्लॅस्टिसिनवर हलक्या हाताने फिरवली.

मातीत ठसा उमटला. माणसं, बोकड, अक्षरं. आणि अक्षरं उलटी.

खिळ्याच्या लिपीत प्रत्येक आडव्या खिळ्याचं डोकं डावीकडे येतं. म्हणून मुद्रा कोरणारा माणूस सगळं आरशातल्यासारखं उलटं कोरतो, की मातीवर फिरवली की सुलटं यावं. या ठशात सगळी डोकी उजवीकडे होती. ज्याने कोरलं त्याने कुठल्यातरी ठशाचा फोटो बघून जसंच्या तसं दगडावर उतरवलं होतं. अक्षरं म्हणजे नक्षी समजून. ती वाचायची असतात हे त्याच्या डोक्यात नव्हतं.

मी काकांना आमच्या आतल्या खोलीत बसवलं, चहा मागवला आणि सगळं दाखवलं, भोक, रेघा, ठसा. लपवून ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. ते काही बोलले नाहीत बराच वेळ. मग म्हणाले, "पण तुम्ही तर म्हणालात दगड खरा आहे." मी म्हटलं हो काका, दगड खराच आहे, त्याच डोंगरांतला असेल, पण कोरलाय तो आपल्या काळात. ते म्हणाले, "मग तेवढंच लिहून द्या ना, दगड खरा आहे. खोटं थोडंच आहे ते."

खोटं नव्हतं. आणि तेच मला खूप लागलं. रिपोर्टवर नैसर्गिक लॅपिस एवढं लिहिलं असतं तर शब्द खरे आणि त्यातून होणारा व्यवहार खोटा. बाबिलोनच्या लोकांकडे यासाठी दोन वेगळे शब्द होते, डोंगरातला लॅपिस आणि भट्टीतला लॅपिस, म्हणजे काचेपासून केलेला निळा. म्हणजे घेणाऱ्याला काय घेतोय ते कळलं पाहिजे ही काळजी तेव्हापासून आहे, आमच्या रिपोर्टवरचा तो नैसर्गिक-कृत्रिमचा रकाना काही आम्ही शोधून काढलेला नाही. मी सरांना बोलावलं, त्यांनी सगळं बघितलं आणि ठरलं की रिपोर्टमध्ये डाय दिल्याचं येईल आणि भोक व कोरीवकाम आधुनिक अवजारांनी केलंय हेही येईल, नाहीतर रिपोर्टच नाही.

मग मणी राहिले. खरं सांगते, मी ते उरकायचे म्हणून हातात घेतले होते. निळे सगळे आताचे. लाल चारांपैकी तीन आताचे, हिरा बसवलेल्या ड्रिलने भोक पाडलेले, आपल्या गुजरातेतल्या खंभातचा माल असतो तसे. चौथा लहानसा, चपटा, कडेला थोडा उडालेला, त्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेलं ८ या इंग्रजी आकड्यासारखं चित्र, दुहेरी रेघेचं. मायक्रोस्कोप लावला. भोक दोन्ही बाजूंनी पाडलेलं. मधे पायरी. तोंडाच्या कडा झिजून गोल झालेल्या. पांढरी रेघ वर रंगवलेली नव्हती, दगडात उतरलेली होती आणि तिच्यावर बारीक झीज होती.

अकीकवर सोड्याच्या क्षाराने चित्र काढायचं आणि निखाऱ्यात तापवायचं, मग रेघ पांढरी होऊन दगडात मुरते, ही सिंधूच्या शहरांतली कला. तसे मणी ऊरच्या थडग्यांत सापडलेत आणि हे दुहेरी रेघेचं चित्रही दोन्हीकडे ओळखीचं आहे. अकीक गुजरातेतला, रतनपूरच्या बाजूचा, आणि तो मुळात दख्खनच्या काळ्या पाषाणात तयार झालेला, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच लाव्ह्यातला. तो इतका कठीण की सिंधूच्या कारागिरांनी त्यासाठी वेगळ्या दगडाचं ड्रिल काढलं होतं, आणि आजच्या संशोधकांनी तसं ड्रिल करून बघितलं तर तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक जायचं. सहा सेंटिमीटरचा लांब मणी म्हणजे नुसतं भोकच चोवीस तासांचं. इराकमधल्याच अक्कडचा राजा सारगोन आपल्या लेखात अभिमानाने सांगतो की मेलुहाची, मगनची, दिलमुनची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात, मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश आणि मगन म्हणजे ओमानची बाजू असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच सुमाराच्या एका माणसाची मुद्रा लूव्र संग्रहालयात आहे, मेलुहाच्या भाषेचा दुभाषा असा त्याचा हुद्दा.

मी काकांना म्हटलं, दिलमुन म्हणजे तुमचं बहारीन. ते पहिल्यांदा मान वर करून बघायला लागले. म्हणाले, आली नावाच्या गावाकडे ते मातीचे उंचवटे होते, हजारो, कंपनीच्या बसमधून रोज दिसायचे, आम्हाला वाटायचं असेच ढिगारे आहेत. मी सांगितलं ती थडगी आहेत, दिलमुनच्या लोकांची, आणि तिथे सापडलेली दगडी चौकोनी वजनं आपल्या सिंधूच्या मापाची आहेत. दिलमुनला जाऊन आलेले ऊरचे व्यापारी परतल्यावर निनगल देवीच्या देवळात वाटा चढवायचे, त्याच्या याद्या आहेत मातीच्या पाट्यांवर, तांबं, लॅपिस, अकीक, हस्तिदंत आणि माशांचे डोळे म्हणून काहीतरी, ते बहुतेक मोती. काका हळूच म्हणाले, मोती तर आम्ही असताना पण मिळायचे तिथे.

मग त्यांनी विचारलं हा लाल मणी किती रुपयांचा. मी म्हटलं काका, मला पैशांत सांगता येणार नाही, आणि खरं म्हणजे तुम्ही विकायचाही नाही. १९९० नंतर इराकमधून बेकायदा बाहेर गेलेल्या वस्तूंचा व्यापार थांबवा असं संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली सगळ्या देशांना सांगितलंय, बगदादच्या संग्रहालयातून त्या वर्षी सुमारे १५,००० वस्तू गेल्या, त्यात हजारो मुद्रा. हा मणी इराकमधल्या एखाद्या थडग्यातून उचललेला असेल. किंवा दिलमुनच्या एखाद्या थडग्यातला. किंवा त्या काळी तो इथून कधी बाहेर गेलाच नसेल, अलीकडेच कोणी नेला असेल. आता हे कोणालाच कळणार नाही, आणि त्याचाच मला राग येत होता, काकांचा नाही, ज्याने पहिल्यांदा तो मातीतून उपटला त्याचा. वुलीच्या वेळी मणी मातीत जसे पडले होते त्या क्रमाने नोंदवून परत ओवता आले, कुठला लाल कुठल्या निळ्याशेजारी, कोणाच्या गळ्यात. या मण्याचा शेजारी गेला. त्याला नवीन मणी आणि उलट्या अक्षरांची मुद्रा यांच्यात ओवलं, ते खरे वाटावेत म्हणून.

काकांनी चहा संपवला. मी रजिस्टरमध्ये चारही लाल मण्यांची वेगवेगळी नोंद केली, चौथ्याचे दोन्ही तोंडांचे आणि आतल्या पायरीचे फोटो काढून फाइलला लावले, आणि पुरातत्त्व खात्याकडे अर्ज कसा करायचा ते कागदावर लिहून दिलं. जाताना त्यांनी दोरा कापून मागितला. मी कात्रीने माळ कापली, बाकीचं सगळं त्यांनी रुमालात बांधून पिशवीत टाकलं आणि तो एक मणी आमच्या छोट्या पारदर्शक पाकिटात घालून शर्टच्या वरच्या खिशात ठेवला, बटण लावलं.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. अर्ज दिला होता, मणी बघायला बोलावलं होतं, आणि सोबत नातही जाणार होती. विचारत होते, ते भोकाचे फोटो छापून मिळतील का, तिला दाखवायचेत.