लांबच्या प्रवासाचा हिशेब

आजची अख्खी सुट्टी एकटीच्या मोठ्या प्रवासाचं बजेट मांडण्यात गेली आणि मनावरचं दडपण बरंच उतरलं. विमानाचं तिकीट एकदाच काढायचं असतं, खरा खिसा रिकामा होतो तो सारखं गाव बदलण्याने. दर वेळी नवं तिकीट, नवी खोली, बाहेरचं जेवण. तेच एका जागी महिनाभर राहिलं तर खोली बरीच स्वस्त पडते, स्वयंपाकघर वापरता येतं, ओळखी होतात. एकटीला भाडं वाटून घ्यायला कुणी नसतं, म्हणून मला हे फारच पटलं.

मात्र व्हिसाच्या मुदतीशी मेळ बसायला हवा. शेंजेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं, ते सगळ्या देशांचे मिळून. १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘वूफ’मधून सेंद्रिय शेतावर काम करून राहण्या-जेवणाची सोय होते, पण काही देशांत तेही नोकरीतच धरतात. आधी नियम बघायचे.

विमा आणि परतीचं भाडं वेगळ्या खात्यात ठेवलंय. त्याला हात लावायचा नाही, काहीही झालं तरी.

शेतावर राहून आलेलं कुणी आहे का इथे? मला खूप विचारायचंय.