सर, त्याची पाठ होती

गेल्या रविवारच्या सरावातली काही सेकंदं अजून डोक्यातून जात नाहीत.

गंगापूर रोडच्या आमच्या सिमेंटच्या रिंकवर मुलं चाकांच्या स्केटवर, म्हणजे इनलाइन हॉकी खेळतात. त्यात गोलकीपर सोडून 4 खेळाडू. पण हिवाळ्यात लेहला बर्फावर उतरायचंय, म्हणून रविवारी मी आइस हॉकीच्या नियमांनी सामना लावतो. 5-5 खेळाडू, खडूनं आखलेल्या निळ्या रेषा. रिंक मिळते स्पीड स्केटिंगवाल्यांचं आटोपल्यावर. पदकं त्यांना मिळतात, त्यामुळे पहिला हक्क त्यांचा. हे मला कधीच पटलेलं नाही.

‘पेनल्टी किल’ मी दोन महिने घोटून घेतलं होतं. आपला एक जण शिक्षा म्हणून 2 मिनिटं बाहेर बसला की उरलेल्या 4 जणांनी 5 जणांना रोखायचं. चौघांचा चौकोन: दोघं पुढं, दोघं गोलजवळ. स्टिकचं पातं जमिनीला टेकलेलं, पासच्या वाटेत. पक, म्हणजे खेळायची चपटी चकती, कडेकडेनं फिरतोय ना, फिरू दे, तिथून गोलला नीट कोन मिळत नाही. चौकोन पकबरोबर सरकतो, पण फाटत नाही. मधली जागा उघडली की संपलं. आणि पक हाती आला की कलाकुसर न करता थेट पलीकडच्या टोकाला भिरकवायचा. एरवी तो ‘आयसिंग’ नावाचा नियमभंग ठरतो, पण एक खेळाडू कमी असताना तेवढी मुभा असते. तेवढ्यात दमलेले चौघं बदलून घ्यायचे. लेहला 3,500 मीटरवर धाप लवकर लागते, तिथं ही मुभा फार मोलाची.

त्या दिवशी चौकोनात पुढं डावीकडं एक चौदा वर्षांची मुलगी होती. समोरच्या बचावपटूचा पक भिंतीलगत अडकला आणि ती झेपावली. पक काढला, एकटी गेली, गोल केला. पालक उभे राहून ओरडत होते. मी तिला बाहेर बोलावून बसवलं.

एक खेळाडू कमी असताना आपण गोल केला तरी शिक्षा संपत नाही. अजून 35 सेकंद उरले होते. तिच्या जागी गेलेल्या मुलानंही तशीच झेप घेतली. पण समोरचा खेळाडू त्याच्याकडं तोंड करून उभा होता, पक ताब्यात. त्यानं मधून पास दिला आणि गोल झाला. मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो, “बघितलंस? चौकोन सोडला की काय होतं?”

ती खाली बघत म्हणाली, “सर, त्याची पाठ होती.”

रात्री एका पालकांनी काढलेला व्हिडिओ चार वेळा पाहिला. पाठ होती. पकही त्याच्या पात्यावर नव्हता. चौकोन सोडायचा तो नेमक्या याच क्षणी, आणि सोडताना मागच्या तिघांनी त्रिकोण आवळायचा. हे मला ठाऊक आहे. मुलं ऊठसूट धावत सुटतील म्हणून मी ते शिकवलंच नव्हतं. व्हिडिओत बाकीचे तिघं जागच्या जागी उभे आहेत, मी सांगितलं होतं तसेच. तिचा पक निसटला असता तर मागं मोकळं रान होतं.

बुधवारी मुलांसमोर सांगितलं, चूक माझी होती. मग त्रिकोण करून घेतला. एकाला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि म्हणालो, मी शिट्टी वाजवणार नाही, कधी जायचं ते तुम्ही ठरवा.

तिची पाळी आली. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग निघाली. तोवर तो वळला होता.