त्यांनी काय केलंय, हे आधी विचारत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नात्यातले विचारतात, सोसायटीतल्या बायका विचारतात, परवा बँकेत काउंटरच्या पलीकडून एकीने विचारलं, "तुमच्या चर्चमध्ये म्हणे जेलमधून सुटलेली माणसं येतात. काय केलंय ते आधी विचारून घेता ना?"

नाही. आधी विचारतो ते, "आज रात्री झोपणार कुठे?"

येरवड्याचं कारागृह आमच्या चर्चपासून फार लांब नाही. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांतले, तिघे-चौघे परवानगी काढून आत जातात, गाणी म्हणतात, प्रार्थना करतात. मीही गेलेय. पण खरं सांगते, आत भेटायला जाणं सोपं असतं. दोन तासांत आपण परत आपल्या घरी. बायबलमध्ये मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातलं येशूचं वचन, 'तुरुंगात होतो तेव्हा माझ्याकडे आलात' हे आम्ही सगळेच तोंडपाठ म्हणतो. त्याच्या आधीचं 'परका होतो तेव्हा मला घरात घेतले' हे जास्त जड आहे. माणूस सुटतो, हातात एक पिशवी. घर नांदेडला नाहीतर बिहारमध्ये, आणि घरचं कुणी न्यायला आलेलं नाही. पहिली रात्र स्टेशनवर जाते, मग दुसरी. तिसऱ्या रात्रीपर्यंत जुने सोबती भेटतात, कारण तेवढेच त्याला नावाने ओळखतात. लोक 'सुटलेले कैदी' आणि 'बेघर' असे दोन गट धरतात. आम्हाला तो बऱ्याचदा एकच माणूस भेटतो, चार-सहा महिन्यांच्या अंतराने.

शिवाय 'काय केलंय' असं विचारताना काहीतरी केलंच असणार हे आपण धरून चालतो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती, म्हणजे खटल्याचा निकालच लागलेला नाही अशी. चारांतली तीन. जामीन मंजूर होऊनही कित्येक जण आत राहतात, कारण जामीनदार मिळत नाही. पगाराची स्लिप, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती घेऊन कोर्टात उभं राहणारं माणूस फुटपाथवर झोपणाऱ्याने आणायचं कुठून?

जामीनदार म्हणजे काय, हे मला बायबलमधल्या, येशूचा प्रेषित पौल याने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रातून उमगलं. अवघ्या २५ वचनांचं पत्र, लहानपणापासून ऐकलेलं. ओनेसिम हा फिलेमोनाचा दास, मालकापासून दूर झालेला. पौल स्वतः बंधनात, म्हणजे कैदेत, तिथून त्याला परत पाठवतो आणि लिहितो की याला आता दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे. याने तुझं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. नुकसान झालंच नाही, असं पौल म्हणत नाही. ते स्वतःच्या अंगावर घेतो. मंडळीने एवढं केलं तरी पुष्कळ, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या ईस्टरच्या प्रीतिभोजनाची गोष्ट. ताटं किती लावायची म्हणून आमच्या एका तरुणाने माणसं मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. भिंतीशी उभा असलेला एक जण पटकन उकिडवा बसला. हात गुडघ्यांवर, मान खाली. नऊ वर्षं आत काढलेला माणूस. आत रोज गिनती होते आणि गिनतीला असंच बसायचं असतं. मोजणारा पोरगा सातावर थांबला. सगळा हॉल गप्प. मग आमच्या एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "ऊठ रे बाळा, कोशिंबीर वाढायला कुणी नाही." तो उठला. आजींनी पातेलं त्याच्या हातात दिलं. तेव्हापासून आमच्याकडे ताटं मोजतात, माणसं मोजत नाहीत.

आवारातल्या जुन्या खोलीत आम्ही चार खाटा टाकल्यात. पण खाटेपेक्षा जास्त वेळ जातो तो कागदांत. माणूस आत गेला की त्याचा मोबाइल नंबर बंद पडतो, पुढे तो दुसऱ्याच कुणाला मिळतो. बँकेचा ओटीपी मात्र त्याच नंबरवर. खात्यात पैसे असून हातात येत नाहीत. पत्ता नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून कुणी खोली देत नाही. आमचा आयटीतला एक मुलगा शनिवारची सुट्टी याच रांगांमध्ये घालवतो. माझ्या तासाभराच्या प्रार्थनेपेक्षा त्याचं ते उभं राहणं देवाला अधिक पोचत असेल.

भीती वाटते का? वाटते. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, आणि चर्चच्या कमिटीतल्या दोघांना प्रत्येकाची केस माहीत असते. संडे स्कूलच्या वर्गात एकटं मोठं माणूस मुलांबरोबर थांबत नाही, हा नियम पाळकसाहेबांनाही लागू आहे. आमच्यात एक बहीण आहे, तिच्या भावाचा खून झालाय. ती या माणसांच्या बाकावर बसत नाही, आणि तिने बसावं असं तिला कुणी सांगत नाही. सांगूही नये.

बाप्तिस्मा द्यायला आणता का, हेही विचारतात. येणाऱ्यांत हिंदू आहेत, बौद्ध आहेत. एक मुसलमान चाचा रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावतात, उपासना सुरू झाली की बाहेर कट्ट्यावर बसतात आणि चहाला आत येतात. त्यांना आम्ही कधी काही म्हटलेलं नाही.

सगळे टिकत नाहीत. मागच्या पावसाळ्यात एक जण आमच्याकडे सात आठवडे राहिला. हातपंप दुरुस्त केला, दारू सोडली, परत धरली. एका सकाळी खाट रिकामी होती, घडी घातलेली चादर वर. त्याची पिशवी मागेच राहिली. आत कोर्टाचे कागद आणि एका लहान मुलीचा फोटो. तो गेल्यावर दहा-बारा दिवसांनी पोस्टमन त्याचं आधारकार्ड घेऊन आला. पत्त्याच्या जागी आमच्या चर्चचा पत्ता छापलाय. ते मी पिशवीत ठेवलं, पिशवी कपाटात. कपाटाला कुलूप नाही, तो आला आणि मी नसले तरी त्याला मिळेल.