दोन ते तीन अंशांनी घट

पावसाळ्यात हवामानाचा अंदाज सगळेच वाचतात. थंडीतला अंदाज वाचणारी माणसं वेगळी. त्यातली दोन माझ्या घरातली आहेत आणि ती एकमेकांचे मेव्हणे आहेत.

बाबा दापोलीजवळ, हापूसच्या कलमांत. मामा महाबळेश्वरच्या अलीकडच्या एका गावात, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत. मधे मी, पुण्यात. शिवाजीनगरला हवामान खात्याच्या जुन्या इमारतीसमोरून माझी स्कूटर रोज जाते. पुणेकर त्या इमारतीला अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात, कारण १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथं आलं. मुख्यालय पुढं दिल्लीला गेलं, नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं. आमच्या दोन्ही म्हाताऱ्यांची समजूत अशी, की मी रोज त्या दारावरून जाते म्हणजे मला आतली बातमी असणार. ‘तू विचार की जरा,’ मामा म्हणतात. जसं काही फाटकावरचा पहारेकरी मला निफाडचा पारा सांगणार आहे.

डिसेंबर-जानेवारीतला कोकणचा अंदाज म्हणजे तसा कोरा कागद. ‘कोकण-गोव्यात हवामान कोरडे राहण्याची शक्यता.’ रेडिओवर लहानपणी ऐकलेलं हे वाक्य अजून शब्दशः तसंच आहे. जिल्ह्यांचा नकाशा उघडला तर सगळीकडे हिरवा रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही, काळजी नाही. बाबांचं म्हणणं, ‘ह्यांच्या लेखी काही नाही. माझं वर्षाचं सगळं त्या काही-नाहीतच ठरतं.’

खरंच ठरतं. कलमाच्या टोकाला डोळा फुगलेला असतो, पण त्यातून पालवी निघणार की मोहोर, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. जमिनीतली ओल हटायला हवी आणि रात्रीचा पारा विशीच्या चांगला खाली जाऊन काही दिवस तिथंच बसायला हवा. दमट, उबदार रात्री आल्या की तोच डोळा तांबूस लुसलुशीत पालवी काढून मोकळा होतो. दिसायला फार देखणी, पण ती पाहून बाबांचा चेहरा उतरतो, कारण आता आंबा लांबला. म्हणून ‘येत्या ३-४ दिवसांत किमान तापमानात २ ते ३ अंशांनी घट’ हे वाक्य आमच्या घरी लग्नपत्रिकेसारखं मोठ्यानं वाचलं जातं.

तेच वाक्य घाटावर मामांनी वाचलं, की ते उठून आकाशाकडे बघतात. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर त्यांची झोप उडाली म्हणून समजा. वेण्णा तलावाच्या बाजूच्या खोलगट रानात पहाटे गवतावरचं दव गोठतं, जीपच्या टपावर मीठ सांडल्यागत पांढरा थर धरतो. पर्यटक त्याचे फोटो काढतात. स्ट्रॉबेरीच्या फुलाचा मात्र मधला डोळा काळा पडतो आणि डोळा काळा पडला की त्या फुलाचं फळ गेलं. म्हणजे बघा, खाली एका डोळ्यानं फुटावं म्हणून थंडी हवी आणि वर एक डोळा मिटू नये म्हणून ती आवरायला हवी. खात्यानं दोघांनाही एकच ओळ धाडलेली असते. तीही एक नाही म्हणा. खात्याच्या हिशेबात दापोली ‘कोकण व गोवा’ या उपविभागात आणि महाबळेश्वर ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात. दोघांच्या मधे आंबेनळीचा घाट, आणि देशभरातल्या ३६ उपविभागांपैकी दोघांची हद्द त्याच सह्याद्रीवर.

ही थंडी येते कुठून, हे मी दोघांना एकदा फोनवर समजावून सांगितलं होतं. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी चक्रावात निघतात, इराण-अफगाणिस्तानवरून काश्मीर-हिमाचलात येऊन बर्फ टाकतात. ते येत असताना आपल्याकडे उलट ढगाळ, कोंदट वाटतं. ते पुढं सरकले, की त्यांच्या मागून उत्तरेचं कोरडं वारं खाली उतरतं. आधी जळगाव, निफाड, नाशिक, मग पुणे, आणि उरलंसुरलं कोकणात. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे काश्मिरात बर्फ पडला की आपल्याकडं किती दिवसांनी?’ मी म्हटलं, असं नेमकं सांगता येत नाही, दोन-तीन दिवस धरा. तेव्हापासून ते टीव्हीवर गुलमर्गची बातमी लागली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिकमार्क करतात. आई म्हणते, जावयाच्या गावाकडची सुद्धा इतकी चौकशी केली नाही कधी.

आता भांडणाकडे येते. दापोलीला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात. हे नाव कुणी दिलं कोण जाणे, पण मामांना त्यातला ‘मिनी’ फार आवडतो आणि बाबांना तोच खुपतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, दापोली जेमतेम आठशे. शाळेच्या पुस्तकाप्रमाणं हजार मीटर चढलं की साडेसहा अंश कमी व्हायला हवेत, म्हणजे महाबळेश्वर दापोलीपेक्षा सातएक अंशांनी थंड असायला हवं. दुपारी ते असतंही. पण हिवाळ्यातल्या निवांत रात्री पुस्तक उलटं होतं. जमीन आपली ऊब आभाळाला देऊन टाकते, तिला चिकटलेली हवा गार आणि जड होते, आणि जड हवा पाण्यासारखी उतारानं वाहत जाऊन खोलगटात साठते. महाबळेश्वरचं गाव पठारावर, तिथून ती निसटून जाते. दापोली वाटीसारखी, तिथं ती पहाटेपर्यंत बसून राहते. म्हणून वर्षातून चार-सहा वेळा तरी पेपरात येतं, की दापोलीचा पारा महाबळेश्वरच्या खाली. त्या दिवशी बाबा सकाळी सातला मामांना फोन लावतात. ‘स्वेटर आहे का पाठवू?’ एवढंच विचारतात.

मामांचं उत्तरही तयार असतं. ‘दाजी, तुमचा तो कृषी विद्यापीठातला आकडा. आमचा आकडा वेधशाळेतला, गावातल्या उंच जागेवरचा. माझ्या रानात उतरा पहाटे, मग सांगा.’ आणि ते चूक नाहीत. वेधशाळेतला तापमापक लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर असतो. त्याला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. (टॉमस स्टीव्हन्सन हा दीपगृहं बांधणारा इंजिनिअर आणि ‘ट्रेझर आयलंड’वाल्या स्टीव्हन्सनचा बाप. पोरगा समुद्रावरच्या गोष्टी सांगत होता, तेव्हा बापाची पेटी जगभर हवेचा पारा मोजत होती.) चार फुटांवर आठ अंश असले, तरी खाली वाऱ्यापासून लपलेल्या खोलगटातली गवताची पात गोठू शकते. स्ट्रॉबेरीचं फूल वीतभर उंचीवर. त्याला पेटीतल्या आकड्याचं काय?

उलट दापोलीहून पंधरा-सोळा किलोमीटर उतरून हर्णैला गेलं, तर भर थंडीत कोळणी साध्या पदरानिशी मासळीच्या लिलावात उभ्या. समुद्र रात्रभर आपली ऊब सोडत नाही. हर्णैलाही खात्याची वेधशाळा आहे. तिचा आणि दापोलीचा पहाटेचा आकडा कधीकधी सात-आठ अंशांनी वेगळा असतो. एकाच तालुक्यात! त्यामुळे ‘रत्नागिरी जिल्ह्यात उद्या किमान तापमान अमुक’ असं कुणी म्हटलं, की बाबा मान हलवतात. नक्की कुठं, हर्णैच्या बंदरात की माझ्या विहिरीपाशी?

खात्यालाही हे कळतं, आणि थंडीच्या लाटेची व्याख्या वाचताना मला त्याचा प्रत्यय आला. सपाटीच्या मुलखात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली यायला हवं, डोंगराळ भागात ० किंवा त्याखाली. किनाऱ्यावर मात्र १५ अंश पुरतात. शिवाय सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांची घट हवी. पंधरा! म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाला पंधरा अंशांना कानटोपी घालायचा हक्क सरकारनं लेखी दिलेला आहे. मी हे वाचून दाखवल्यावर मामा इतके हसले की ठसका लागला. ‘पंधराला आम्ही उघड्या अंगानं पाणी धरतो,’ म्हणाले. बाबांनी तेवढ्याच शांतपणे ठरवून टाकलं, की मामांच्या वाट्याला शून्याची अट आहे आणि ती पूर्ण होईस्तोवर त्यांनी तक्रार करू नये. मुंबईकर मात्र दोघांच्याही हिशेबात नसतात. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले होते, ही एकच शिदोरी घेऊन ते अजून दरवर्षी स्वेटरं बाहेर काढतात.

एक गोष्ट दोघांना सारखीच भिववते, ती म्हणजे ढग. आभाळ आलं की रात्रीची ऊब वर निसटत नाही, पारा चढतो, आणि मोहोरावर तुडतुडा नि भुरी ठाण मांडतात. फवारणी धावत करावी लागते. २०२१ च्या १ आणि २ डिसेंबरला तर कोकणापासून घाटमाथ्यापर्यंत चक्क पाऊस झाला. त्या दोन दिवसांत आमच्याकडे कुणी कुणाला स्वेटरबद्दल विचारलं नाही. मामांचं पहिलं फळ वाफ्यात सडलं, बाबा पंप दुरुस्त करत बसले. आणि थंडी हवी-हवी म्हणताना ती जानेवारीच्या शेवटी भलतीच पडली, तर त्याचंही दुखणं. कलमाला पुन्हा मोहोर फुटतो. बागायतदार त्याला पुनर्मोहोर म्हणतात. नव्या मोहोरापायी झाड जुन्या फांदीवरची वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळं सोडून देतं. सकाळी बागेत गेलं की पाचोळ्यावर हिरवा सडा. घट दोन ते तीन अंशांचीच हवी असते, तिथं बाबा खात्याशी अगदी सहमत असतात.

कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, पुढच्या पाच दिवसांचा. मी तो दोघांना वाचून दाखवते. दोघांनाही वाचता येतं, मोबाईलही आहेत, पण माझ्याकडून ऐकायचा असतो. पूर्वी बाबा अंदाजांना हसायचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. इशारा दोन दिवस आधीपासून होता, तंतोतंत खरा ठरला, आणि आजोबांनी लावलेली कलमं मुळासकट आडवी झाली. त्यानंतर त्यांनी अंदाजाची टिंगल केलेली मी ऐकली नाही. बुधवारी-गुरुवारी मधेच फोन येतो, ‘बदल काही?’

यंदा नवीन प्रकरण सुरू झालंय. बाबांनी तापमापक आणला. नुसता टांगला असता तर मामांनी तो मानला नसता, म्हणून गेल्या मोसमातली आंब्याची रिकामी पेटी घेतली. फळ्यांच्या मधे फटी असतातच. तिला चुना फासला, बागेच्या मोकळ्या बाजूला चार फुटांच्या खांबावर ठोकली, दार उत्तरेकडे. स्टीव्हन्सनसाहेबांनी पाहिली असती तर फार काही चुका काढल्या नसत्या. रोज पहाटे बॅटरी घेऊन जातात, आकडा वहीत लिहितात. वहीच्या मुखपृष्ठावर ‘दूध’ असं लिहिलंय.

मामांनी हे ऐकलं आणि दोन दिवस गप्प राहिले. मग मला फोन, ‘दाजींना म्हणावं, एक पेटी वर पाठवा.’ शनिवारी ओळखीच्या टेम्पोतून ती गेली, खेड, कशेडी, पोलादपूर, आंबेनळी. भर डिसेंबरात आंब्याची पेटी घाट चढताना पाहून पोलादपूरला चहावाल्यानं आत काय म्हणून विचारलं म्हणे. आत कडवे वाल होते, आईनं भावासाठी भरलेले. पेटी कुठं ठोकायची ते मामांनी आधीच ठरवलं होतं, तलावाकडच्या सगळ्यात खोलगट वाफ्याच्या कडेला.

शुक्रवारच्या अंदाजात पुन्हा तीच ओळ होती, दोन ते तीन अंशांनी घट. रविवारी सकाळी सहाला माझा फोन वाजला. मी म्हटलं, बोला मामा, किती? आकडा त्यांनी मला सांगितला नाही. म्हणाले, ‘दाजी उठले असतील तर त्यांना लाइनवर घे.’