तुम्ही विचारलेत म्हणून: 'राइट' या आडनावाविषयी

इंग्रजी शिकवणाऱ्याला विमानाच्या शोधाच्या निमित्ताने एक प्रश्न हमखास विचारला जातो: 'राइट' म्हणजे 'बरोबर', मग राइट बंधूंच्या घराण्याला हे आडनाव पडले तरी कशावरून? तुम्हीही तोच प्रश्न विचारलात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा घोटाळा देवनागरीत जास्त होतो. इंग्रजीत या आडनावाच्या आरंभी डब्ल्यू आहे. आज तो उच्चारात नाही, पण काही शतकांपूर्वी तो स्पष्ट ऐकू येत असे, आणि 'बरोबर' या अर्थाच्या शब्दाशी या आडनावाचा काहीही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत काम करणाऱ्याला, वस्तू घडवणाऱ्याला जो शब्द होता त्यातून 'राइट' आला, आणि 'वर्क' हा शब्दही त्याच कुळातला. हळूहळू त्याचा मुख्य अर्थ लाकूडकाम करणारा कारागीर असा रूढ झाला. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून 'कार्पेंटर' आला आणि दक्षिणेत रुजला. उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात मात्र सुताराला 'राइट' म्हणण्याची रीत पुढेही दीर्घकाळ टिकली. मध्ययुगाच्या उत्तरार्धात अशी धंद्याची नावे बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि मुलगा शेती करू लागला तरी तो राइटच राहिला. आपल्याकडच्या 'सुतार' या आडनावावरून हे चटकन समजते. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की तिकडे या नावाला जातीचे बंधन चिकटलेले नव्हते.

याच शब्दाची जोडनावेही झाली. चाके करणारा व्हीलराइट, गाड्या करणारा कार्टराइट, पेट्या आणि संदुका करणारा आर्कराइट. रिचर्ड आर्कराइट यांनी १७६९ मध्ये सूतकताईच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि एडमंड कार्टराइट यांनी १७८५ मध्ये यंत्रमागाचे. हातकारागिरांची आडनावे लावणाऱ्या या दोघांनी सूत आणि माग हातातून यंत्राकडे नेले, आणि त्या यंत्रांवरचे कापड पुढे आपल्या विणकरांच्या पोटावर आले. दोघांपैकी कोणीही पेशाने सुतार नव्हता; आर्कराइट केस कापणे आणि केसांचे टोप बनवणे या धंद्यातून वर आलेले, तर कार्टराइट पाद्री होते.

आर्कराइट यांचे व्यक्तिचित्र ज्याने रंगवले तो चित्रकार जोसेफ राइट, डर्बीचा (१७३४–१७९७). त्याचे १७६८ चे एक मोठे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि माझ्या मते या आडनावाच्या माणसाने केलेले ते सर्वांत सुंदर काम आहे. अंधाऱ्या खोलीत टेबलाभोवती माणसे जमलेली आहेत. वर काचेच्या गोळ्यात एक पांढरा काकाकुवा आहे आणि गोळ्यातली हवा पंपाने काढून घेतलेली आहे. प्रयोग करणाऱ्याचा हात वरच्या झडपेवर आहे आणि त्याची नजर थेट आपल्याकडे आहे. एका मुलीने चेहरा झाकून घेतला आहे, धाकटी वर पाहते आहे, आणि डावीकडच्या तरुण जोडप्याला एकमेकांशिवाय काही दिसत नाही. पक्षी जगणार की मरणार, हे चित्रकाराने सांगितलेले नाही.

विल्बर आणि ऑर्व्हिल यांच्याविषयी आपण शाळेपासून वाचतो, त्यामुळे इथे थोडक्यात. ओहायोतील डेटन येथे त्यांचे सायकलींचे दुकान होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी ज्या विमानाने १२ सेकंदांत १२० फुटांचे पहिले उड्डाण केले, त्याचा सांगाडा लाकडाचा होता, पंखांवर मलमलीचे कापड होते आणि विमान पुढे ढकलणारे फिरते पंखेही (प्रोपेलर) लाकडाचेच होते, या दोघांनी स्वतः हाताने तासलेले. आडनावाचा अर्थ त्यांच्याइतका शब्दशः कोणालाच लागू पडत नाही.

तरीही मला सर्वांत जवळचा वाटतो तो दुसरा जोसेफ राइट, भाषाशास्त्रज्ञ. १८५५ मध्ये यॉर्कशायरमध्ये, ब्रॅडफर्डजवळ, गरीब घरात त्याचा जन्म झाला. सहाव्या वर्षी तो दगडाच्या खाणीत गाढवाची गाडी हाकू लागला आणि सातव्या वर्षी गिरणीत डॉफर झाला, म्हणजे भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावू लागला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला लिहितावाचता येत नव्हते. फ्रान्स आणि प्रशिया यांच्या युद्धाच्या बातम्या सोबतचे कामगार मोठ्याने वाचत, त्या स्वतः वाचता याव्यात म्हणून तो अक्षरे शिकला. मग रात्रशाळेत फ्रेंच, जर्मन, लॅटिन. साठवलेल्या पैशांवर तो १८७६ मध्ये जर्मनीला निघाला आणि खर्च वाचवण्यासाठी अँटवर्पपासून हायडेलबर्गपर्यंत चालत गेला. १८८५ मध्ये तिथेच त्याला डॉक्टरेट मिळाली. ऑक्सफर्डमध्ये मॅक्स म्युलर ज्या तौलनिक भाषाशास्त्राच्या अध्यासनावर होते, त्यावर १९०१ मध्ये राइट यांची नेमणूक झाली. गावोगावच्या बोलींतील शब्द जमवून त्यांनी सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश सिद्ध केला आणि त्याच्या प्रकाशनाची आर्थिक जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली. बोली म्हणजे अशुद्ध भाषा, असे आपल्याकडे आजही सहज बोलले जाते. अशा वेळी गिरणीतून आलेल्या या प्राध्यापकाने बोलींना दिलेला मान मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या भूमीशी थेट संबंध आलेले राइटही आहेत. विषमज्वरावरील लशीसाठी ओळखले जाणारे डॉ. आल्मरॉथ राइट १८९८ मध्ये प्लेग आयोगाचे सदस्य म्हणून भारतात आले होते. आणि न्यूझीलंडचे जॉन राइट २००० ते २००५ या काळात भारतीय क्रिकेट संघाचे पहिले परदेशी प्रशिक्षक होते.

मग प्रत्येक राइटचा पूर्वज सुतारच असतो का? तसे मानणे चूक ठरेल. अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांची मूळ नावे पुसली गेली आणि त्यांच्या अनेक वंशजांकडे गोऱ्या मालकांची इंग्रजी आडनावे आली. मिसिसिपीत १९०८ मध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय कादंबरीकार रिचर्ड राइट यांचे आजोबा गुलामगिरीत जन्मलेले होते. अशा घराण्यांत यॉर्कशायरचा सुतार शोधून काही हाती लागणार नाही.